छोट्या एअरबोटीसाठी इंजिन: निवड कशी करावी आणि चालवावं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सव्वातीन मीटर लांबीची सपाट बुडाची होडी तयार आहे, बसणारा एकच माणूस. तिची एअरबोट, म्हणजे मागे हवेत फिरणाऱ्या मोठ्या पंख्याने ढकलली जाणारी होडी, करायची आहे. घरात पाण्याच्या पंपाचं साडेसहा हॉर्सपॉवरचं इंजिन पडून आहे, एक मित्र गवत कापायच्या यंत्राचं इंजिन देतोय आणि तिसरीकडे अल्ट्रालाइट विमानाचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन मिळतंय. यांतलं कोणतं बसवावं, पंखा केवढा लावावा आणि चालवताना काय सांभाळावं?

या तिघांपैकी एकाचंही नाव मी लगेच घेणार नाही. एअरबोटीच्या बाबतीत बहुतेकांचं गाडं इथेच अडतं: आधी इंजिन आणतात, मग त्याला बसेल असा पंखा शोधतात आणि शेवटी होडी पाण्यावर का उचलत नाही म्हणून डोकं खाजवतात. क्रम उलटा हवा. होडीला किती रेटा लागतो ते आधी मोजा. तेवढा रेटा कोणता पंखा मिनिटाला किती फेऱ्यांवर देईल ते बघा. तो पंखा तितक्या फेऱ्यांनी तासन्‌तास फिरवू शकेल ते तुमचं इंजिन.

रेटा कशासाठी लागतो ते बघू. होडी हळू चालते तेव्हा ती पाण्यात बसलेली असते आणि पाणी बाजूला सारत जाते. तुमच्या लांबीच्या होडीला या अवस्थेत ताशी आठेक किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही, कारण ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या मागे अडकते. त्याहून जोरात जायचं तर तिला ती लाट चढून पाण्याच्या पृष्ठभागावर सरकायला लागावं लागतं. या चढावर नाक वर जातं, शेपूट बसते आणि पाण्याचा विरोध सर्वांत जास्त असतो. एकदा तो पार झाला की विरोध कमी होतो आणि होडी सुटते. चांगल्या सपाट बुडाच्या हलक्या होडीला या चढावर एकूण वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के रेटा लागतो. बूड वाकडं असेल किंवा वजन मागे साचलं असेल तर जास्त.

आता तुमच्या होडीचा हिशेब. होडी 70 किलो, इंजिन 32, पंखा-पिंजरा-सुकाणू-सांगाडा मिळून 30, माणूस 75, पेट्रोल आणि किरकोळ सामान 10. एकूण 217 किलो. म्हणजे चढ पार करायला 33 ते 43 किलो रेटा हवा आणि वर थोडी शिल्लक हवी, नाहीतर समोरून वारा आला की होडी तिथेच लटकते. चिखल किंवा ओल्या गवतावरून जायचं असेल तर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खाली बोलूच नका, आणि कोरड्या जमिनीवर निम्म्याच्या आसपास.

हे आकडे माझे आहेत, तुमच्या होडीचे तुम्ही काढा. होडीत वाळूची पोती टाकून तेवढंच वजन करा, दुसऱ्या मोटरबोटीला लांब दोर बांधा, दोरात लटकवायचा ताणकाटा अडकवा आणि ओढून घ्या. दोर लांब ठेवा, नाहीतर पुढच्या बोटीची लाट तुमच्या होडीला फसवते. वेग हळूहळू वाढवत न्या. काटा चढत जाईल, एका जागी सर्वांत वर जाईल आणि होडी पाण्यावर आली की खाली येईल. तो सर्वांत वरचा आकडा वहीत लिहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढची सगळी खरेदी त्या एका आकड्यावर ठरते.

पंख्याचं गणित लोकांना अवघड वाटतं, पण आपल्याला लागतं तेवढं सोपं आहे. होडी उभी असताना मिळणारा आदर्श रेटा न्यूटनमध्ये काढायचा तर इंजिनच्या वॅटचा वर्ग करा, त्याला पंख्याच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने (चौरस मीटरमध्ये) गुणा, मग हवेची घनता म्हणजे 1.2 ने गुणा, मग 2 ने गुणा आणि आलेल्या संख्येचं घनमूळ काढा. 9.8 ने भागलं की किलो. खरा पंखा यातला साधारण 70 टक्के देतो, चांगला असला तर थोडा अधिक. या सूत्रातून एक गोष्ट निघते ती कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे: ताकद दुप्पट केली तर रेटा सुमारे 1.6 पट होतो आणि पंख्याचा व्यास दुप्पट केला तरीही 1.6 पटच होतो. म्हणजे मोठा पंखा हा फुकटचा हॉर्सपॉवर आहे. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा भरपूर हवा सावकाश ढकलणं कधीही स्वस्त पडतं.

उदाहरण घ्या. होंडा जीएक्स 390 हे 389 सीसीचं इंजिन जुने लोक अजून तेरा हॉर्सपॉवरचं म्हणतात. मोजणीची पद्धत बदलल्यावर त्याची निव्वळ ताकद 3600 फेऱ्यांवर 11.7 हॉर्सपॉवर, म्हणजे 8.7 किलोवॅट अशी लिहितात. इंजिन तेच, आकडा बदलला. पंपाचं ‘साडेसहा’चं इंजिनही त्याच जातीचं असेल तर नव्या मोजणीत साडेपाचच भरतं. तर हे 11.7 वालं इंजिन थेट शाफ्टवर पंखा लावून चालवलं तर 3600 फेऱ्यांवर ते साधारण एक मीटरचाच दोन पात्यांचा पंखा ओढू शकतं. त्याहून मोठा लावला की इंजिन दबतं, फेरे पडतात. या एक मीटरमधून रेटा मिळतो 38 किलोच्या आसपास. तेच इंजिन बेल्ट-पुलीने 1.9 पट सावकाश केलं, म्हणजे पंखा 1900 फेऱ्यांवर आणला, तर दीड मीटरचा पंखा फिरवता येतो. बेल्टमध्ये जाणारं नुकसान धरूनही 47 किलो मिळतात. शिवाय आवाज निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो, कारण पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 188 मीटरवरून 150 मीटरवर येतो.

माझी स्वतःची पहिली होडी अशीच फसली होती. तेरा हॉर्सपॉवर म्हणून घेतलेलं इंजिन, थेट शाफ्टवर एक मीटरचा लाकडी पंखा, आणि सगळं मिळून 230 किलो. आवाज असा की किनाऱ्यावरचे बगळे उडाले. होडी नाक वर करून, मागे फेसाची भिंत ओढत, ताशी आठ-नऊच्या पुढे हलेना. दोन महिने मी कार्ब्युरेटरला दोष देत बसलो. शेवटी होडीच्या मागच्या कडीला ताणकाटा लावून दोर खांबाला बांधला आणि पूर्ण थ्रॉटल दिला. काटा 36 वर थांबला. इंजिन बिचारं आपलं काम चोख करत होतं, चूक माझ्या अंकगणितात होती. बेल्ट-पुली आणि दीड मीटरचा पंखा बसवल्यावर त्याच खांबाला, त्याच काट्यावर 46 आले, आणि त्याच संध्याकाळी होडी पहिल्यांदा पाण्यावर आली. (ज्यांना वाईट वाटतंय त्यांच्यासाठी: 1905 साली नोव्हा स्कॉशियात अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूने जी पहिली एअरबोट केली, तिचं नावच त्यांनी ‘कुरूप बदक’ ठेवलं होतं आणि तिचा वेग ताशी चार मैल होता. तीही मुळात इंजिन आणि पंखे तपासायलाच बांधलेली होती.)

आता तुमच्या पर्यायांकडे.

पंपाचं इंजिन: थेट शाफ्टवर 85 ते 90 सेंटिमीटरचा पंखा आणि 21 किलोच्या आसपास रेटा. एका मोठ्या माणसाला घेऊन ते पाण्यावर येणार नाही. उथळ, गवताळ पाण्यात निवांत फिरायचं असेल, पाण्यातला पंखा गवतात गुंतण्याचा त्रास नको असेल, तर मात्र ते उत्तम आहे. मी तर म्हणेन पहिलं वर्ष याच इंजिनवर काढा. एअरबोट हाकायला शिकायचं तर हळू होडीवर शिकलेलं बरं.

गवत कापायच्या यंत्राचं इंजिन मित्राला धन्यवाद देऊन परत करा. त्याचा शाफ्ट उभा असतो. ते आडवं पाडलं की तेल भलत्या जागी जातं, वंगण पोचत नाही, कार्ब्युरेटरही आडवा होतो. गिअर-पेटी लावून फिरण्याची दिशा वळवता येते, पण तेवढ्या कष्टात आडव्या शाफ्टचं इंजिन मिळतं.

अल्ट्रालाइटचं टू-स्ट्रोक इंजिन. रोटॅक्स 503 असेल तर ते 6500 फेऱ्यांच्या आसपास सुमारे 50 हॉर्सपॉवर देतं; फेरे 2.58 पट कमी करणाऱ्या गिअर-पेटीतून 1.6 मीटरचा पंखा फिरवलात तर 130 किलोच्या वर रेटा मिळेल. तुमच्या होडीला हा रेटा गरजेच्या तिप्पट आहे. चिखल, गवत, वाळू सगळ्यावरून पळेल, पण सव्वातीन मीटरच्या होडीवर पहिल्यांदाच हात बसवणाऱ्याने हे लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय पूर्ण थ्रॉटलला तासाला 20 लिटरच्या वर पेट्रोल पिणार. जीएक्स 390 साडेतीन लिटरमध्ये भागवतं.

तुम्ही विचारलं नाही, पण आणखी दोन जाती सांगतो. पॅरामोटरची, म्हणजे पाठीवर बांधून पॅराग्लायडरने उडायची इंजिनं: 185 सीसीची, पंचवीसेक हॉर्सपॉवरची, वजन जेमतेम 14-15 किलो आणि सव्वा मीटरच्या पंख्याने 75 किलो रेटा. कागदावर यांच्याइतकं देखणं काही नाही. पण ही इंजिनं चढताना काही मिनिटं पूर्ण ताकद आणि मग आकाशात अर्ध्या ताकदीवर निवांत, अशा आयुष्यासाठी घडवलेली असतात. होडीवर त्यांना बराच वेळ 70-80 टक्क्यांवर राबावं लागतं. हलकी होडी असेल आणि तापमानाचा काटा बसवणार असाल तरच. दुसरी जात म्हणजे दोन सिलिंडरची, व्ही आकाराची, 20 ते 22 हॉर्सपॉवरची औद्योगिक फोर-स्ट्रोक इंजिनं. दीडपट सावकाश करणारी बेल्ट-पुली, दीड मीटरचा पंखा, 70 ते 75 किलो रेटा. वजनाला जड, पण सकाळी दोर ओढला की चालू आणि संध्याकाळी बंद. एकट्या माणसाच्या एअरबोटीला माझी पसंती विचाराल तर हीच. मोटरसायकलचं इंजिन लावलेल्या होड्याही मी पाहिल्यात आणि त्या चालतात, पण ते इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होण्यासाठी असतं. सावकाश चालणाऱ्या होडीवर पंख्याच्या पुढे बसलं की तेवढा वारा मिळत नाही. वेगळा कूलिंग फॅन द्यावा लागतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पंपाचं, जनरेटरचं किंवा मोटरसायकलचं इंजिन दिवसातला बराच वेळ आरामात असतं. एअरबोटीचं इंजिन तसं नसतं. हवेतल्या पंख्याचा भार कायम असतो. होडी लाटेवर उडाली तरी पंखा हवेतच असतो, त्यामुळे पाण्यातल्या पंख्यासारखे फेरे मोकाट सुटत नाहीत, ही त्याची चांगली बाजू. पण त्याला श्वास घ्यायला उसंतही नसते. म्हणून जाहिरातीतला जास्तीत जास्त हॉर्सपॉवरचा आकडा बघू नका. ते इंजिन सतत किती ताकद देऊ शकतं ते माहितीपुस्तकात बघा.

याच कारणाने गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांना मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, काढून टाकायच्या फंदात पडू नका. ‘गव्हर्नर काढला की पाच हजार फेरे मिळतात’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. त्या इंजिनातली ॲल्युमिनियमची कनेक्टिंग रॉड आणि ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील 3600 च्या हिशेबाने केलेलं असतं. जास्त फेऱ्यांवर फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे कुठेही जाऊ शकतात, आणि तुमची पाठ त्यापासून दोन हातांवर असते. शिवाय पंख्याला ताकद फेऱ्यांच्या घनाने लागते: फेरे दहा टक्के वाढवायचे तर ताकद 33 टक्के जास्त हवी. ती कुठून आणणार?

बसवणीत सर्वांत घोळ होतो तो पंखा शाफ्टला धरण्यात. जीएक्स 390 सारख्या इंजिनांचा शाफ्ट एक इंचाचा, त्याला चावीची खाच आणि टोकाला आटे पाडलेलं भोक. पुली धरायला हे ठीक आहे. दीड मीटरचा पंखा थेट त्यावर टांगून एका बोल्टवर विश्वास ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पंख्याचा रेटा शाफ्टला लांबीच्या दिशेने ओढतो किंवा ढकलतो, आणि होडी वळली की फिरणारा पंखा शाफ्टला वाकवायला बघतो. क्रँकची बेअरिंगं त्यासाठी नसतात. बेल्ट-पुलीच्या वेगळ्या शाफ्टला वेगळी दोन दणकट बेअरिंगं दिली की हा सगळा भार त्यांच्यावर जातो आणि इंजिनला फक्त फिरवायचं काम उरतं. आणखी फायदा असा की इंजिन खाली, होडीच्या तळाशी बसतं आणि फक्त पंखा वर जातो. वजन खाली राहिलं की होडी उलटण्याची भीती निम्मी होते.

बेल्ट दातेरी की रिबांचा, यावर लोक भांडतात. एक सिलिंडरचं इंजिन प्रत्येक स्फोटाला झटका देतं आणि जड पंखा त्या झटक्याला दाद देत नाही. मधे जे सापडेल ते थकतं. रिबांचा पट्टा किंचित घसरून हा झटका गिळतो, म्हणून एका सिलिंडरला मी तोच लावतो. दोन सिलिंडरला दातेरीही चालतो. याच कारणाने एका सिलिंडरवर ॲल्युमिनियमचा पंखा नको. लाकडी घ्या किंवा कार्बन फायबरचा, ज्याच्या पात्यांचा कोन पंखा थांबवून बदलता येतो असा.

पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा कोन, जमलाय का हे असं तपासा. होडी खांबाला बांधा, इंजिन तापू द्या, पूर्ण थ्रॉटल द्या आणि फेरे मोजा. 3500-3600 पर्यंत पोचून थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा राहत असेल तर पंखा बरोबर. 3200 लाच दम लागत असेल तर पिच जास्त आहे, कमी करा, अर्धा-अर्धा अंश. थ्रॉटल अर्धवट असतानाच गव्हर्नर आडवा येत असेल तर पिच कमी आहे आणि ताकद वाया जातेय. दबलेल्या इंजिनवर महिनोन्‌महिने चालवणारे लोक आहेत. त्यांच्या इंजिनांचे एग्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर जळतात.

पंखा कोणत्या बाजूने फिरतो याकडेही बघा. होंडाच्या जातीचं इंजिन शाफ्टकडे तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. पंखा मागे आणि बेल्ट-पुली असेल तर दिशा तीच राहते. दोन गिअरची पेटी असेल तर उलटते. घड्याळाच्या उलट फिरणारा पंखा होडीची उजवी बाजू खाली दाबतो. 22 हॉर्सपॉवर आणि पंखा इंजिनपेक्षा दीडपट सावकाश असेल तर हा पीळ म्हणजे मध्यापासून अर्ध्या मीटरवर 13-14 किलोचं वजन ठेवल्यासारखा. म्हणून बॅटरी आणि पेट्रोलची टाकी डावीकडे. दुसरा पीळ पुढच्या बाजूचा: रेटा पाण्यापासून मीटरभर वर लागतो, तो नाक खाली दाबतो. 217 किलोच्या होडीला 47 किलो रेटा मीटरभर उंचीवर लागला तर वजनाचा मध्य वीस-बावीस सेंटिमीटर मागे धरावा लागतो. म्हणूनच एअरबोट उभी असताना शेपटावर बसलेली दिसायला हवी. खांबाजवळ ती सपाट तरंगत असेल तर पूर्ण थ्रॉटलला नांगरासारखी नाक खुपसणार.

चालवण्याकडे येऊ. नवीन फोर-स्ट्रोक इंजिनला पहिले काही तास थ्रॉटल बदलत ठेवा, एकाच फेऱ्यांवर घासू नका. पहिलं तेल 20 तासांनी बदला, पुढे 100 तासांनी. मी 50 लाच बदलतो, कारण आमच्या कामात आराम नाही. जीएक्स 390 मध्ये 1.1 लिटर तेल बसतं, दरवेळी तेल मोजायच्या काडीवर बघा. हे इंजिन 20 अंशांपेक्षा जास्त कलू नये. नाक वर करून उभ्या असलेल्या होडीत हा कल सहज भरतो आणि मग तेलाची सूचना देणारा सेन्सर इंजिन बंद पाडतो. ‘पेट्रोल भरलंय, प्लग चांगला आहे, तरी मधेच बंद पडतं’ या तक्रारीचं निम्म्या वेळी हेच कारण निघतं. सांगाडाच तीन-चार अंश उलट कलवून बसवा.

टू-स्ट्रोकचे लाड वेगळे. तेलाचं प्रमाण इंजिनच्या पुस्तकात लिहिलंय तेच: 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, 40 ला 1 म्हणजे 25, 32 ला 1 म्हणजे 31. अंदाजाने ओतू नका, मापाचा पेला ठेवा, आणि मिसळ टाकीत नव्हे तर वेगळ्या डब्यात करा. थंड इंजिनला पूर्ण थ्रॉटल दिला की पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगतो आणि अडकतो. चार-पाच मिनिटं तापू द्या. तसंच लांब पल्ला पूर्ण थ्रॉटलवर मारून झाल्यावर थ्रॉटल फटकन बंद करू नका. फेरे अजून वर असतात आणि पेट्रोलबरोबर येणारं तेल मात्र थांबलेलं असतं. हळूहळू खाली आणा. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तर आधी काय होतं ठाऊक आहे? इंजिन छान चालतं. नेहमीपेक्षा जोरात, खणखणीत आवाजात. आणि मग एकदम गप्प होतं. म्हणून प्लगखालच्या तापमानाचा काटा आणि एग्झॉस्टच्या तापमानाचा काटा हे दोन्ही टू-स्ट्रोकला हवेतच. प्लग काढून बघायची सवय ठेवा: कॉफीच्या रंगाचा असेल तर निश्चिंत, पांढरट असेल तर त्या दिवशी होडी पुन्हा पाण्यात नेऊ नका.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि डायफ्रामच्या कार्ब्युरेटरचं रबर खराब करतं. पाण्याजवळ ठेवलेल्या डब्यात हे लवकर होतं. महिन्याहून जुनं पेट्रोल वापरत जाऊ नका, आणि होडी ठेवून देताना पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

लाकडी पंख्याची एक खोड आहे. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पावसाळी हवेत आवळलेले बोल्ट कोरड्या दिवसांत सैल पडतात, दिसायला मात्र तसेच. एका वर्षी मोसमाच्या सुरुवातीला मी पंखा सहज म्हणून उतरवला तर हबला टेकणारं लाकूड चहाच्या बशीएवढ्या गोलात काळं पडलेलं. सैल पंखा हबवर घासून जळत होता. बोल्ट मी नुकतेच ‘हाताने बघितले’ होते. तेव्हापासून टॉर्क पाना घेऊन, दर दहा तासांनी आणि हवा बदलली की लगेच. पात्याच्या पुढच्या कडेला पाण्याचे तुषार आणि बारीक खडे लागून लाकूड खाल्लं जातं. पितळी पत्रा किंवा पॉलियुरेथेनची पट्टी लावून घ्या. खवला निघालेला पंखा दोन टोकांवर तोलून बघितल्याशिवाय फिरवू नका.

पिंजऱ्यावर काटकसर नको. पंखा आणि पिंजरा यांत कमीत कमी पाच सेंटिमीटर मोकळी जागा, आणि पिंजरा हाताने जोरात ढकलला तरी ती जागा संपता कामा नये. पुढची जाळी अशी की मूठ आत जाणार नाही. पंख्यासमोर टोपी, टॉवेल, दोराचं टोक, पिशवी काही सुटं ठेवायचं नाही, तो सगळं ओढून घेतो. पंख्याच्या वर्तुळाच्या रेषेत, बाजूला, कोणी उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर ते त्याच रेषेत जातं. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला. कानाला संरक्षण लावाच, लाजू नका. आणि सेंट्रिफ्यूगल क्लच बसवता आला तर जरूर बसवा: थ्रॉटल सोडल्यावरच्या कमी फेऱ्यांवर पंखा थांबलेला राहतो आणि धक्क्याला लागताना जीव भांड्यात पडतो.

शेवटी हाकण्याबद्दल, कारण यात इंजिनचा थेट संबंध आहे. एअरबोटीला ब्रेक नाही, रिव्हर्स नाही, आणि सुकाणू हवेत असतं. पंख्याची हवा त्यावर आदळली तरच ते वळवतं. नवशिक्याला समोर काही दिसलं की तो घाबरून थ्रॉटल सोडतो, आणि होडी त्याच दिशेने सरळ त्यावर जाते. वळायचं असेल तर थोडी ताकद द्यावीच लागते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मोकळ्या, विस्तीर्ण पाण्यात एक रिकामा प्लास्टिकचा डबा नांगरून तरंगत ठेवा आणि त्याच्या कडेने वळण्याचा सराव करा: आधी थ्रॉटल कमी, मग सुकाणू पूर्ण वळवून छोटा झटका, मग परत कमी. पंपाच्या इंजिनवर हे हातात बसलं, की दोन सिलिंडरच्या इंजिनसाठी बेल्ट-पुलीचा सांगाडा बनवायला घ्या. तो बनवताना पंख्याच्या शाफ्टची उंची दीड मीटरच्या पंख्याच्या हिशेबाने आत्ताच ठरवा, म्हणजे पिंजरा दोनदा करावा लागणार नाही.